थोरलीतली पुढची जागा

रविवार, १ मार्च

हिवाळाभर छपराखाली पालथ्या पडलेल्या बोटी आज एकदाच्या पाण्यात उतरल्या. आमच्या क्लबात पगारी माणूस एकही नाही. ज्याला जे येतं ते त्याने करायचं. पाववाला फाटकी शिडं शिवतो, हॉस्पिटलातली नर्स मुलांना शिकवते, आमची ही चहाचं बघते, आणि जन्मभर बस चालवलेला मी थोरली चालवतो. थोरली म्हणजे क्लबातली सर्वांत जुनी बोट. रुंद, संथ आणि बुडाला जड, पण मनाने चांगली.

रविवारच्या सरावात पहिला मान थोरलीचा. ती पुढे निघते आणि मागून मुलांच्या चिमुकल्या बोटी. त्यांचा आकारच तसा म्हणून सगळे त्यांना डब्या म्हणतात. एका डबीत एक मूल, एक शीड, एक सुकाणू. तलावात तीन नारिंगी बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, नांगरून ठेवलेले असतात, त्यांना वळसा घालून परत धक्क्याला यायचं. थोरली जिथे वळेल तिथे डब्यांनी वळायचं, हा मुलांना घालून दिलेला पहिला नियम. लांबून बघणाऱ्याला बदकीण आणि तिची पिल्लं दिसतात म्हणे.

थोरलीत माझ्या पुढे बसते ती माझी नात, लेकीची लेक. सगळे तिला भिंगरी म्हणतात आणि ते खोटं नाही. तोंड तर एक क्षण बंद नसतं. "आजोबा, बोया डावीकडे, वाळक्या झाडाच्या खाली. थोडं आणखी डावीकडे. आता सरळ. आता उजवीकडून पांढरी बोट येतेय, तिला आधी जाऊ द्या." आज मी तिला म्हटलं, "बये, एवढी वर्षं बस हाकली, कुठे साधा ओरखडा नाही. मला दिसतं." तर म्हणते, "हो, माहितेय. मी आपली उगाच बोलते."

आता ती अकरा वर्षांची झाली. बारा पूर्ण झाली की डबीत बसता येत नाही. म्हणजे डबी एकटीने चालवायचं हे तिचं शेवटचं वर्ष. मे महिन्यात मुलांचा दिवस असतो, त्या शर्यतीत ती एकटी डबीत दिसली की माझं या क्लबातलं सार्थक झालं.

रविवार, ८ मार्च

आज वारा बेताचा, पण तलावावर धुकं. हल्ली धुकं फार पडतं. बोयेसुद्धा यंदा हलक्या रंगाचे आणलेत, उन्हाने विटून पाण्यात मिसळून गेलेत. कमिटीला सांगायला हवं.

क्लबाच्या खोलीत शिरलो तर आमचे चिटणीस कोपऱ्यात खुर्चीपाशी उभे. मी नमस्कार केला, बोयांचं गाऱ्हाणं सांगितलं, त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं पण उत्तर म्हणून नाही. माणसाला पद मिळालं की असं होतं. घरी येऊन हिला सांगितलं तर म्हणते, "अहो, चिटणीस आठवडाभर लेकाकडे गेलेत."

"मग कोपऱ्यात कोण होतं?"

"कोपऱ्यात त्यांचा रेनकोट टांगलेला असतो," ही म्हणाली आणि चहा गाळत राहिली.

असेलही. खोलीत दिवा लावायची पद्धत कुठे आहे.

रविवार, १५ मार्च

आज नर्सबाईंनी विषय काढला. डबीत एकटं जायचं तर आधी पालथं द्यावं लागतं. म्हणजे काय, तर मुलाने धक्क्याजवळच्या पाण्यात आपली बोट मुद्दाम उलटवायची, स्वतः पाण्यात पडायचं, मग बोटीच्या पोटातून खाली आलेल्या फळीवर उभं राहून वजन टाकायचं, बोट सुलटी करायची आणि आत चढायचं. कुणी हात लावायचा नाही. गंमत म्हणजे मुलांना हे फार आवडतं. सात वर्षांची पोरंसुद्धा "बाई, आज माझं पालथं" म्हणून मागे लागतात.

भिंगरी म्हणाली, "मला नको."

"आज नको की कधीच नको?" बाईंनी विचारलं.

"मला आजोबांच्या बोटीतच बरं वाटतं."

बाई माझ्याकडे बघून हसल्या. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही एकदा सवडीने डोळे का तपासून घेत नाही? आमच्या हॉस्पिटलात मंगळवारी चांगले डॉक्टर येतात."

विषय नातीचा चालला होता, यात माझे डोळे कुठून आले कळलं नाही. नर्सेसना माणूस दिसला की आजार दिसतो.

पोर घाबरते, दुसरं काय. आता तिला धीट कसं करायचं याचा विचार करायला हवा.

रविवार, २२ मार्च

भिंगरीला धीट करण्याचे प्रयत्न चालू आहेत. माझं पहिलं पालथं तिला रंगवून सांगितलं: पन्नाशीतला माणूस, नवी पँट, धक्क्यावर गर्दी, आणि मी शिडाखाली गटांगळ्या खात असताना हिने वरून विचारलेलं, "अहो, किल्ल्या खिशात आहेत का?" भिंगरी पोट धरून हसली. मग म्हटलं, देतेस का पालथं? हसणं बंद.

नवल हे की ती पाण्याला भीत नाही. सराव संपला की कपड्यांसकट धक्क्यावरून उडी मारते, या खांबाखालून शिरून त्या खांबाखालून निघते. मग बोट उलटवायला काय होतं? भीतीला डोकं नसतं हेच खरं.

आज परत येताना तिने विचारलं, "मी डबीत गेले तर थोरलीत पुढे कोण बसणार?"

"कुणी कशाला? वजनापुरती वाळूची गोणी ठेवीन. गोणी बडबड तरी करणार नाही."

मला वाटलं हसेल. ती पाण्यात हात घालून बसून राहिली. पोरीला आपल्या जागेचं भलतंच प्रेम दिसतं. लेकीला फोन करून सांगितलं की पोरगी जागा अडवून बसते, तिला जरा समजाव. लेक म्हणाली, "बाबा, तिच्या मनात काय आहे ते ती मला पण सांगत नाही. तुम्हीच विचारा."

मी काय वेगळं करतोय?

मंगळवार, २४ मार्च

बशीत चहा ओतताना थोडा टेबलावर गेला. या नव्या बशा फार उथळ आहेत. हिने फडकं आणून पुसलं आणि माझ्या हातातला पेपर एक वीत जवळ सरकवला. मी परत लांब केला. असं दोनदा झालं. नंतर दोघंही हसलो.

रविवार, ५ एप्रिल

काय लिहू. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही म्हणून लिहितो.

भिंगरी शाळेच्या सहलीला गेलेली. शनिवारी संध्याकाळी तिचा फोन. "आजोबा, उद्या थोरली नर्सबाईंना चालवू द्या ना. तुम्ही आजीला चहात मदत करा." मी म्हटलं, माझ्या हातच्या चहाने अर्धा क्लब सोडून जाईल. हसली नाही. सहलीची हुरहुर असेल.

सकाळी वारा छान होता, नऊ डब्या मागे. पहिला बोया झाला, दुसरा झाला. थोडा अंदाजाने झाला, पण झाला. तिसऱ्याच्या वाटेला लागलो तेवढ्यात एका डबीचा दोर गुंतला आणि नर्सबाई मदतीची मोटरबोट घेऊन तिच्याजवळ मागेच थांबल्या. मी पुढे. ऊन पाण्यावर असं चमकत होतं की सगळा तलाव कथिलाचा झाला होता. त्यात नारिंगी ठिपका दिसला. नेहमीपेक्षा जरा उजवीकडे होता, पण नारिंगी म्हणजे बोया.

जवळ जातो तर बोया सरकतोय. मी म्हटलं, झालं, नांगर सुटला. आता हा वाहत पलीकडे गेला की कमिटी नवा आणणार आणि तोही विटका आणणार. जबाबदार माणसाने काय करावं? मी मागे ओरडलो, "बोया सुटलाय, माझ्यामागे या." पिल्लं आली. बोया पलीकडच्या काठच्या लव्हाळ्यांकडे निघाला, आम्ही लव्हाळ्यांकडे. बोया वळला, आम्ही वळलो. शेवटी मी गाठला, थोरलीतली लांब आकडी घेतली आणि त्याला अडकवायला पुढे केली.

बोया म्हणाला, "अहो काय करताय?"

दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. रोज सकाळी पोहतात. डोक्यावर नारिंगी टोपी.

तेवढ्यात डब्या पोचल्या. मुलं शहाणी, नियमाची पक्की. एकामागून एक उरलेल्या आठही डब्यांनी बाईंना डावीकडे ठेवून नीट वळसा घातला. शेवटच्याने तर विचारलं, "बाई, तिसरा बोया तुम्ही का?"

बाई पाण्यात उभ्या उभ्या पाय मारत होत्या. "मी दात काढते," त्या म्हणाल्या. "आणि ही टोपी मी बोटींना दिसावं म्हणून घालते."

"दिसलीच की," मी म्हणालो. याहून बरं काही सुचलं नाही.

धक्क्यावर येईपर्यंत बातमी पोचली होती. पाववाल्याला हसता हसता बसावं लागलं. डॉक्टरीणबाईंनीच सगळ्यांना सांगितलं, "आयुष्यात पहिल्यांदा आठ जण माझ्याभोवती फिरले, आणि तोंड उघडलं ते एकानेच." मीही हसलो, मोठ्याने हसलो. फक्त नर्सबाई हसत नव्हत्या. त्यांनी ती आकडी माझ्या हातातून घेतली, तिचं लोखंडी टोक बघितलं आणि भिंतीला लावून ठेवली.

तेव्हापासून ते टोक माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

सोमवार, ६ एप्रिल

भिंगरी संध्याकाळी दप्तरासकट आली, शाळेत कुणीतरी सांगितलं होतं. मी बाहेरच्या खोलीत होतो. ती सरळ स्वयंपाकघरात हिच्याकडे. मी कप ठेवायला गेलो तर दारातच पाय थांबला. पोर रडत होती. कधी न रडणारी.

"मी आईला सांगितलं होतं, मला सहलीला नाही जायचं. मला माहितीच होतं."

"अगं, झालं ते झालं. कुणाला लागलं नाही."

"या वेळी नाही लागलं. मी डबीत गेले की रोज असंच होणार."

हिने तिच्या पाठीवरचं दप्तर उतरवून ठेवलं. मग हळूच म्हणाली, "तू एवढ्यासाठी पालथं देत नव्हतीस?"

पोरीने मान डोलावली.

मग तिला मी दिसलो. डोळे पुसून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, समोरच्या घड्याळात किती वाजलेत?"

"पाच," मी म्हणालो. दूधवाला नुकताच येऊन गेला होता.

"अंदाजाने नाही. बघून सांगा."

मी बघितलं. भिंतीवर एक वाटोळं पांढरं होतं. त्यात काटे असणार, कारण ते घड्याळ मीच टांगलंय.

"कधीपासून माहितेय तुला?" मी विचारलं.

"मागच्या वर्षी तुम्ही मला हात केलात ना धक्क्यावरून, तेव्हा ती मी नव्हते. दुसरीच मुलगी होती. तिनेही तुम्हाला हात केला, म्हणून मी काही बोलले नाही."

"सांगायचंस तरी."

"मग तुम्ही थोरली सोडून दिली असती."

बरोबर आहे. सोडली असती. नाहीतर सोडली नसती आणि तिच्यावर ओरडलो असतो. दोन्हींपैकी काय केलं असतं ते मला आज सांगता येत नाही. मी या पोरीला धीट करायला निघालो होतो. एक हंगामभर ती एका बोटीची, सगळ्या डब्यांची आणि एका हट्टी म्हाताऱ्याची राखण करत बसली होती, वर बडबडी म्हणून नाव घेऊन.

जेवण गेलं नाही. ही म्हणाली, दोन घास तरी घ्या, तिला वाटेल तिच्यामुळे. मग घेतले.

गुरुवार, ९ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. नर्सबाईंनी मंगळवारची वाट न बघता नंबर लावून दिला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा चांगला पिकलेला. म्हणजे धुकं तलावावर नव्हतं, बोयेही विटले नव्हते. कमिटीची माफी मागायला हवी, आणि त्या रेनकोटाचीही.

डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस बोट चालवलीत कशी?"

"नातीने चालवली," ही म्हणाली. "हे सुकाणू धरून बसायचे."

आधी उजव्या डोळ्याचं करायचं ठरलं. मी विचारलं, लांबचं दिसेल का? ते म्हणाले, लांबचंच छान दिसेल, पेपरला चष्मा लागेल.

रविवार, १२ एप्रिल

आज थोरलीचं सुकाणू नर्सबाईंच्या हातात दिलं, मोटरबोट पाववाल्याकडे. कुणी मागितलं नव्हतं, मीच सगळ्यांसमोर दिलं. वाटलं होतं त्याहून सोपं गेलं आणि वाटलं होतं त्याहून जास्त लागलं. बाई म्हणाल्या, "काका, मी हिला सांभाळते तुम्ही बरे होईपर्यंत." मग थोरलीत चढल्या आणि तिच्या जडपणाला एक शिवी घातली, तेव्हा खात्री पटली की सांभाळतील.

भिंगरी माझ्याजवळ आली.

"आज नाही ना जाणार थोरलीत?"

"नाही."

"डोळे बरे होईपर्यंत?"

"होईपर्यंत."

"बरे झाले असं डॉक्टर म्हणेपर्यंत. तुम्ही म्हणेपर्यंत नाही."

"डॉक्टर म्हणेपर्यंत."

ती लाइफ जॅकेटचे बंद आवळत डब्यांकडे गेली आणि म्हणाली, "बाई, आज माझं पालथं."

मला धक्क्यावरून एक पांढरा डाग दिसत होता, तो आडवा झाला आणि गेला. पाण्याचा आवाज. मी हिचा दंड धरला.

"कुठे आहे?"

"शिडाखाली. थांबा. निघाली बाहेर. केस डोळ्यांवर आलेत. आता मागून वळसा घालतेय. फळी धरली. अहो, हात दुखतो माझा. चढली फळीवर. उभी राहिली. येतेय, बोट येतेय वर. आली."

पांढरा डाग परत उभा राहिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हिचा आवाज का बसला होता कुणास ठाऊक, ती काही पाण्यात पडली नव्हती.

बुधवार, २२ एप्रिल

ऑपरेशन झालं. एका डोळ्याने लिहितोय आणि तो बिनकामाचा आहे, म्हणून ओळी उतरणीला लागल्यात. दुखलं नाही. वाकायचं नाही, पाणी लागू द्यायचं नाही, तक्रार करायची नाही. यातलं शेवटचं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, हिने घातलं.

शुक्रवार, २४ एप्रिल

काल पट्टी निघाली. देवा, रंग. आपली भिंत पिवळी नाही, पांढरी आहे. मी घातलेला सदरा दोन ठिकाणी डागाळलेला आहे आणि तो मी सगळीकडे घालून हिंडलोय. हिच्याकडे बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "अगं, तुला एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या?"

दुपारी जेवण जरा उशिरा मिळालं.

भिंगरी आली आणि लांब रस्त्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. "किती बोटं?" मी म्हटलं, "तीन, आणि मधलं शाईने माखलंय." तिने हात बघितला आणि अंगावर धावत आली. ही मध्ये पडली म्हणून डोळा वाचला.

रविवार, १० मे

मुलांचा दिवस.

या दिवशी आमच्याकडे एक दंडक आहे. धक्क्यावरच्या मोठ्यांनी टाळ्या वाजवायच्या, हवं तर नाचायचं, पण मुलांना सूचना द्यायची नाही. जो "वळ" किंवा "शीड सोड" म्हणून ओरडेल त्याने संध्याकाळी सगळ्यांचे कप धुवायचे. आमची ही कपांजवळ खुर्ची टाकून बसते आणि कुणाचंही तोंड उघडलं की बोट दाखवते. पाववाला दरवर्षी धुतो. यंदा त्याने घरून येतानाच बाह्या दुमडल्या होत्या.

मला थोरलीत जायची परवानगी अजून नाही. डावा डोळा व्हायचाय. काळा चष्मा लावून धक्क्याच्या टोकाला बसलो. डॉक्टरीणबाई आज पोहत नव्हत्या, माझ्या शेजारीच बसल्या. म्हणाल्या, "आज मला सुट्टी, पाण्यात बोये पुरेसे आहेत."

शिट्टी झाली. अकरा डब्या सुटल्या, भिंगरीची मधोमध. पहिल्या बोयापाशी गर्दीत अडकली, शीड फडफडायला लागलं. मला कळत होतं काय करायला हवं. ओठांवर आलं होतं. हिचं बोट अर्धं वर आलं. मी रुमाल तोंडात धरला. पोरीने दोर थोडा सैल केला, डबीचं नाक वाऱ्यापासून बाजूला घेतलं आणि फटीतून अशी सटकली की शेजारच्या पोराने तोंड आ केलं. एवढ्या लांबून मला त्याचा आ दिसला.

पाववाला ओरडला, "आता वळ, वळ." ही म्हणाली, "कप तिकडे आहेत."

दुसरा बोया झाला. मग सगळ्यात लांबचा, पलीकडच्या काठाजवळचा, जिथे माझ्यासाठी दोन वर्षं नुसतं धुकं होतं. आज तिथे लव्हाळ्यांचे तुरे वेगवेगळे दिसत होते, आणि त्यांच्यासमोर बोटभर उंचीची एक डबी, तिच्यात लाल जॅकेट.

भिंगरी चौथी आली. उतरली ती आधी मैत्रिणींच्या घोळक्यात गेली, मग आजीकडे खायला काय आहे बघायला, आणि मग माझ्याकडे. "दिसले मी?" तिने विचारलं. म्हटलं, "सगळी." "शेवटच्या बोयापाशी पण?" "तिथे तू नाक पुसलंस. बाहीला." ती इतकी लाजली की परत मैत्रिणींत पळाली.

एक गोष्ट मात्र तिला सांगितली नाही, ती इथे लिहून ठेवतो. शर्यतभर मी वाट बघत होतो की निदान एकदा ती मागे वळेल, धक्क्याकडे हात करेल. मी दोनदा उभा राहून हात हलवला. शेजारून डॉक्टरीणबाईंनी सदरा धरून खाली बसवलं. डोळे जुनेच असते तर आज इथे खुशाल लिहिलं असतं की तिने वळून हात केला, आणि मला ते खरंच वाटलं असतं. तिने नाही केला. निघाल्यापासून परत येईपर्यंत एकदाही नाही. मला स्वच्छ दिसत होतं, तिची मान सारखी पुढे होती.